ब्रह्मपुत्रेकाठचा जागल्या आणि आपली गिरणाथडी

भडगाव तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "आमची शेती गिरणेच्या थडीला लागून आहे. दर पावसाळ्यात थडी थोडी थोडी ढासळते. रात्री नदीत वाळूचे ट्रॅक्टर चालतात. आसामच्या जादव पायेंग यांनी एकट्याने नदीकाठी जंगल उभं केलं असं वाचलं. त्यांनी नेमकं काय केलं, ते कसे जगले, आणि तसं गिरणेवर होईल का? कोणती झाडं लावू?"

भाऊ, झाडांची नावं शेवटाकडे देतो. आधी पायेंग यांचं आयुष्य नीट पाहू, कारण आपल्याकडे ते अर्धंच सांगितलं जातं. 'एका माणसाने एवढी झाडं लावली' हे लोकांच्या लक्षात राहतं. मग जून उजाडला की नदीकाठी खड्डे खणले जातात, रोपं उतरवली जातात, पाहुणे येऊन जातात. पुढच्या मे महिन्यात त्या जागी खड्डासुद्धा सापडत नाही. तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांच्या काठांवर काम करताना हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की आता कुणी 'किती रोपं लावली' असं सांगायला लागलं की मी पहिल्यांदा विचारतो, राखायला कोण आहे?

पायेंग हे मिसिंग समाजाचे. हा समाज ब्रह्मपुत्रेच्या काठाने राहणारा, नदीच्या स्वभावाप्रमाणे घर हलवणारा. जोरहाटजवळ कोकिलामुख नावाचं ठिकाण आहे. तिथून नदीच्या पात्रात वाळूची बेटं दिसतात, त्यांना तिकडे चापोरी म्हणतात. १९७९ साली मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर सोळा वर्षांचा जादव अरुणा चापोरीवर गेला, तेव्हा पुराने वाहून आणलेले साप वाळूवर मरून पडलेले होते. झाड नाही, झुडूप नाही, सावलीचा तुकडा नाही. उन्हाने तापलेल्या वाळूवर ते भाजून मेले होते. साप मेले, उद्या आपणही असेच मरू, हे त्या पोराच्या मनाने घेतलं. त्याने वनखात्याच्या लोकांना विचारलं, इथे झाडं लावाल का? इथे काही येणार नाही, फार तर बांबू येईल, असं उत्तर मिळालं. त्याने बांबूपासून सुरुवात केली.

यानंतरचा भाग बहुतेक गोष्टींतून गाळला जातो, आणि तुमच्या कामाचा तोच आहे. १९८० मध्ये गोलाघाटच्या सामाजिक वनीकरण विभागाने याच चापोरीवर २०० हेक्टरांत झाडं लावायचं काम काढलं. पायेंग त्या कामावर मजूर होते. पाच वर्षांनी योजना संपली, मजूर आपापल्या गावी गेले, कागद बंद झाले. पायेंग गेले नाहीत. तिथेच झोपडी बांधून ते राहिले, लावलेली झाडं सांभाळत राहिले आणि नवी लावत गेले. म्हणजे पहिली झाडं सगळी त्यांनी एकट्यानेच लावली असं नाही. सरकारी योजनाही होती, इतर मजुरांचा घामही होता. असं म्हटल्याने त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. योजना संपल्यावर जो थांबला, त्याच्यामुळेच ते जंगल झालं. आपल्याकडे योजना कमी झाल्या का? योजना संपल्यावर थांबणारा माणूसच सापडत नाही.

त्यांच्या कामाच्या रीतीही पाहण्यासारख्या आहेत. वाळूत पाणी टिकत नाही आणि प्रत्येक रोपाला रोज घागर ओतणं एका माणसाच्या आवाक्यात नाही. म्हणून त्यांनी रोपांवर बांबूचे छोटे मांडव केले, त्यांवर बारीक भोकांची मडकी ठेवली, आणि पाणी थेंब थेंब मुळाशी जाऊ दिलं. ठिबकच्या नळ्या घरोघर असलेल्या जळगाव जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दुसरी गोष्ट तांबड्या मुंग्यांची. गावाकडून त्या मुंग्या आणून त्यांनी वाळूत सोडल्या. त्या चावायच्या, अंग सुजायचं, तरी आणल्या. मुंग्या, वाळवी, गांडुळं जमीन पोकळ करतात, पालापाचोळा खाली नेतात, आणि नुसत्या वाळूची हळूहळू माती होऊ लागते. रोप लावण्याआधी माती जिवंत करायची, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं.

पुढे हे जंगल वाढत सुमारे ५५० हेक्टरांवर गेलं. त्यातला मोठा भाग बांबूचाच आहे. पायेंग यांचं घरातलं नाव मोलाई, म्हणून लोक त्याला मोलाई काठोनी, म्हणजे मोलाईचं जंगल म्हणतात. हरणं आली, वाघ आले, गेंडे आले, हत्तींचे कळप दरवर्षी काही महिने मुक्कामाला येऊ लागले. आणि हे सगळं होताना बाहेर कुणाला पत्ता नव्हता. २००८ मध्ये शंभरावर हत्तींचा कळप गावांचं नुकसान करून या झाडीत शिरला, त्याच्या मागावर वनखात्याचे लोक आले, तेव्हा नकाशावर वाळू असलेल्या ठिकाणी त्यांना घनदाट जंगल दिसलं. पुढे जितू कलिता या स्थानिक पत्रकाराने त्यांच्याबद्दल लिहिलं. २०१२ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने त्यांना बोलावून गौरवलं, २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मानाचा भाग मी इथेच संपवतो. पहिलं रोप ते पहिला सन्मान यांत तीस वर्षांहून जास्त काळ गेला, आणि त्या काळात हा माणूस गाई-म्हशी पाळून दूध विकून संसार चालवत होता. दूध विकायचं आणि झाडं राखायची, हा त्यांचा रोजचा दिवस.

त्यांच्यावर सगळ्यात कठीण वेळ आली ती हत्तींमुळे. हत्तींनी आसपासच्या गावांत घरं मोडली, पिकं खाल्ली. जंगल नसतं तर हत्ती आले नसते, तेव्हा जंगलच तोडा, असं म्हणत लोक कुऱ्हाडी घेऊन निघाले. आधी मला मारा, मग झाडांना हात लावा, असं म्हणून पायेंग आडवे उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या गोठ्यातली जनावरंही वाघांनी नेली होती. तरी वाघाच्या बाजूने ते बोलत राहिले: त्याचं रान आपण घेतलं, तो जाईल कुठे? गेंड्यांच्या शिकारीसाठी माणसं जंगलात शिरू लागली, तेव्हा वनखात्याला खबर देणारेही तेच. झाडं लावायची वर्षं एका बाजूला ठेवा आणि ही राखणीची वर्षं दुसऱ्या बाजूला ठेवा, मग त्यांचं आयुष्य कशात गेलं हे कळेल.

आपल्या खानदेशाला ही गोष्ट परकी नाही. पांझरेवर शेकडो वर्षं चाललेली फड पद्धत तुम्हाला माहीत असेल. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना, ठरलेल्या क्रमाने पाणी. त्या व्यवस्थेत पाणी सोडणारा पाटकरी असे, देखरेखीला हवालदार असे, आणि राखणीला जागल्या असे. जागल्याला सगळे शेतकरी मिळून मोबदला देत. बंधारा बांधणाऱ्याइतकाच पिकावर डोळा ठेवणारा गरजेचा आहे, हे त्या लोकांनी हिशोबात धरलं होतं, म्हणून ते बंधारे इतकी वर्षं टिकले. पायेंग हे ब्रह्मपुत्रेचे जागल्या आहेत, असं मी मानतो. फरक एवढाच, की त्यांना मोबदला देणारा फड नव्हता.

आता गिरणेकडे येऊ. पायेंग यांनी केलं तसंच्या तसं इथे करू नका, कारण नदी वेगळी आहे. ब्रह्मपुत्रा हिमालयातून अफाट गाळ आणते. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाने तर आसामातले डोंगर हलले आणि नदीत इतका गाळ उतरला की तिचं पात्र वर आलं, रुंद झालं. ती एका ठिकाणी काठ खाते आणि दुसऱ्या ठिकाणी चापोरी टाकते. तिथलं माजुली बेट गेल्या शंभर वर्षांत निम्म्याहून जास्त वाहून गेलं आहे. अशा नदीत नव्याने पडलेल्या वाळूला झाडीने धरून ठेवणं हे मोलाचं काम आहे. शिवाय तिथे पाऊस भरपूर. हवेतच ओल असते.

आपली गिरणा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून, नाशिक जिल्ह्यातून निघते आणि मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल करत रामेश्वराजवळ तापीला मिळते. १९६९ मध्ये नांदगाव तालुक्यात तिच्यावर मोठं धरण झालं. वरून येणारा गाळ आणि वाळू तिथे अडते. खाली येतं ते पुराचं पाणी आणि धरणातून सोडलेली आवर्तनं. म्हणजे पात्रातून आपण वाळू काढली तर ती भरून यायला वरून फारसं काही येत नाही. पाऊस साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो. इथे गिरणेच्या पात्रात, वाळूवर झाडं लावणं हे काम नाहीच. पात्र मोकळं राहू द्या. पुराला जागा लागते, आणि ती अडवली तर पाणी समोरच्या गावात घुसतं.

पात्रातली उघडी वाळू ओसाडही नसते. टिटवी दगडगोट्यांत अंडी घालते, नदी सुरय वाळूच्या बेटावर. वेडा राघू आणि खंड्या उभ्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतात. तापीवरच्या हतनूर धरणाच्या जलाशयाकाठी हिवाळ्यात पक्षी पाहायला लोक लांबून येतात, ते दाट झाडीतले पक्षी नसतात. उथळ पाणी, चिखल आणि उघडा काठ यांवर जगणारे असतात. नदीकाठ राखायचा म्हणजे जिथे झाड हवं तिथे झाड, गवत हवं तिथे गवत, आणि उघडं हवं ते उघडं. हे मी आग्रहाने सांगतो, कारण हिरवं केलं म्हणजे वाचवलं ही समजूत आपल्या नद्यांना महाग पडते आहे.

तुमची थडी का ढासळते ते आधी जाऊन पाहा. खानदेशात थडी दोन बाजूंनी खचते, आणि दोन्हींवर उपाय वेगळे.

पहिली बाजू नदीची. गिरणा-तापीची थडी म्हणजे गाळाच्या पिवळट मातीची उंच दरड, कुठे कुठे दहा-पंधरा मीटर. तिचा पायथा पात्रातल्या वाळूवर टेकलेला असतो. वाळू उपसली की पात्र खाली जातं, पायथा उघडा पडतो, पुढच्या पुरात पाणी तो पायथा पोखरतं आणि वरची दरड पाच-दहा फुटांच्या धलप्यांनी कोसळते. अशा दरडीवर तुम्ही काठोकाठ झाडं लावली तर मुळं दोन-तीन मीटर जातात, कोसळण्याची जागा त्याच्या कितीतरी खाली असते. झाड दरडीसकट नदीत जातं. म्हणून तुमच्या शेतासमोर वाळू उपसा चालू असेल तर पहिलं काम तो थांबवणं; झाडं त्यानंतर. वाळू गेली की विहिरीही जातात, हे भडगाव-पाचोऱ्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पात्रातली वाळू पावसाचं पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना सोडत राहते. खाली नुसता खडक किंवा चिकण माती उरली तर ते पाणी चार दिवसांत वाहून जातं.

दुसरी बाजू शेताची, आणि तिच्याकडे लक्षच जात नाही. तापीकाठी घळी पाहिल्या असतील, माणूस उभा लपेल अशा. लोकांना वाटतं नदीने पोखरल्या. बहुतेक घळी शेतातून उतरणाऱ्या पाण्याने पडतात. शेताचं सगळं पाणी उताराने एका कोपऱ्यात जमतं, थडीवरून खाली पडतं, आणि पडतं तिथे खड्डा होतो. तो खड्डा दर पावसात मागे मागे, शेताच्या आत सरकतो. यावर नदीत काही करून उपयोग नाही. थडीच्या कडेने बांध घालायचा, पाण्याला एकच वाट ठेवायची, आणि त्या वाटेवर दगडी सांडवा बांधून पाणी पायरीपायरीने खाली उतरवायचं. घळ आधीच पडली असेल तर वरच्या तोंडापासून सुरुवात करून खालपर्यंत छोटे दगडी बांध घालत जायचे. खालून सुरुवात केलीत तर वरचं तोंड तोवर आणखी आत गेलेलं असतं.

यातलं सगळ्यात स्वस्त काम सांगतो, ते मनाला सगळ्यात जड जातं. थडीच्या काठापर्यंत नांगर नेऊ नका. पंधरा-वीस मीटरांचा पट्टा सोडा. केळी किंवा कापूस काठाला भिडवल्याने ज्या दोन-चार ओळी जास्त मिळतात, त्या थडीसकट नदीत जातात तेव्हा मातीही सोबत नेतात, आणि ही गाळाची माती पुन्हा तयार व्हायची नाही. सोडलेला पट्टा रिकामा पडत नाही. गवत कापून नेता येतं, बांबू येतो, करंजाची बी विकली जाते.

आता झाडं. पायेंग यांच्या जंगलातल्या झाडांची नावं पाहिली तर एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तिथे अर्जुन आहे. तिकडे ज्याला एजार म्हणतात ते आपलं तामण, महाराष्ट्राचं राज्यफूल. कोरोई म्हणजे आपली किन्हई. हिमोलू म्हणजे काटेसावर. दोन हजार किलोमीटरवरच्या नदीकाठी आपल्याच ओळखीची झाडं आहेत. पण यावरून तामण थेट उचलू नका. त्याला ओल फार लागते, आपल्या उन्हाळ्यात ते पाण्याजवळ सावलीतच तग धरेल. गुलमोहरही तिथे आहे, तो तर इथे नकोच. त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्याने मोडतं, आणि काठाला त्याचा काही आधार नाही.

गिरणेवर काठाच्या तीन उंच्या डोळ्यांपुढे ठेवा. पाण्यालगत, जिथे दर पुरात पाणी येतं, तिथे झाड नको. लव्हाळा, वाळा, कास, आणि जिथे खडकाळ आहे तिथे शेरणी. पूर आला की ही आडवी होतात आणि ओसरला की उठतात. वाळुंज नावाचं नदीकाठचं झाड मिळालं तर त्याच्या फांद्या तोडून ओल्या मातीत खोचल्या तरी फुटतात. त्याच्या वरच्या उतारावर निरगुडी दाट लावा. तिला जनावर सहसा तोंड लावत नाही, फांदीने लागते, आणि माती धरून ठेवण्यात तिच्यासारखी मी दुसरी पाहिली नाही. तिच्या आडोशाने करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. थडीच्या माथ्यावर, सोडलेल्या पट्ट्यात, निंब, बाभूळ, चिंच, बोर, आणि मागच्या बाजूला मानवेल बांबू. तुमच्या शेताच्या वर मुरमाड टेकाड असेल तर तिथे अंजन. सातपुड्याच्या पायथ्याला आणि आपल्या उघड्या टेकड्यांवर हाच टिकतो, त्याला पाणी घालायचीही गरज नसते, फक्त पहिली दोन वर्षं कुणी ओरबाडू नये.

बेशरम आणि वेडी बाभूळ काठावर आधीच पसरलेली असेल. एकदम सगळी उपटू नका, नाहीतर काठ उघडा पडेल. देशी झाड डोक्याइतकं उंच झालं की त्याच्या भोवतालची तेवढी काढा, असं पुढे सरकत जा.

पाणी किती वर्षं घालायचं? दोन उन्हाळे. तिसऱ्या उन्हाळ्यात जगलं ते तुमचं. भरपूर रोपं लावून एकदाही न पाहण्यापेक्षा जेवढ्यांना तुमच्या घरातून कुणी रोज पाणी घालू शकेल तेवढीच लावा. रोजगार हमीच्या कामांत एका कुटुंबाकडे ठरावीक झाडं देऊन ती जगवण्याची मजुरी त्यांना देण्याची पद्धत महाराष्ट्रात राबवली गेली. मी पाहिलेल्या सरकारी लागवडींत तशा पद्धतीची झाडं सगळ्यात जास्त जगली, कारण त्यांना राखणारं घर होतं.

जनावरांचं मात्र प्रेमाने घ्या. आपल्याकडे हत्ती नाहीत, पण मेंढ्या आहेत. दिवाळीनंतर ठेलाऱ्यांचे, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचे, वाडे (मेंढ्यांसह पडणारे तळ) नदीच्या काठाने खाली सरकतात. लागवड वाया गेली की सगळे त्यांच्याकडे बोट दाखवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. ठेलाऱ्याची वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, लागवड कालची आहे. पायेंग स्वतः म्हशी राखणारा माणूस होता. जनावर आणि जंगल यांची सांगड त्यांनी त्याच चापोरीवर घातली. तुम्ही पट्टा सोडाल तेव्हा वाडा येण्याआधी ठेलाऱ्यांच्या म्होरक्याला भेटा, कुठली बाजू दोन वर्षं बंद आहे ते दाखवा, पाण्यावर जायची वाट मोकळी ठेवा आणि मेंढ्या शेतात बसवायला बोलवा. शेताला खत मिळतं, वाड्याला जागा मिळते. एका गावात लागवडीची राखण अशा एका कुटुंबानेच केली, कारण त्यांचा वाडा त्याच कडेला पडायचा आणि दुसऱ्याची जनावरं तिथे घुसली तर पहिल्यांदा त्यांनाच कळायचं.

आपल्या खानदेशातलंच उदाहरण हवं असेल तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला एकदा जाऊन या. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ४०० हेक्टरांहून अधिक जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, गावानेच नेमलेली राखण, तोडणाऱ्याला दंड. नवी लागवड त्यात होती, पण बरंचसं जंगल बुंध्यांतून आणि जमिनीतल्या बियांतून आपोआप फुटलं. त्याला फक्त कुणी तोडू दिलं नाही. झरे वाहू लागले, विहिरींना पाणी आलं. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ते नदीचं खोरं नाही, डोंगराची कूस आहे, पण पांझरेसारख्या नद्यांचं पाणी अशा कुशींतूनच सुरू होतं. पायेंग यांच्यापेक्षा मला तुमच्यासाठी बारीपाडा जवळचा वाटतो, कारण तिथे एकट्या माणसावर भार नव्हता. एकट्याच्या जिद्दीवर काठ सोपवणं हे त्या माणसावरही अन्यायाचं आहे.

वाळूच्या बाबतीत तर एकटं जाऊच नका. रात्री ट्रॅक्टर अडवायला गेलेल्या माणसांवर, तलाठ्यांवरसुद्धा हल्ले झालेले आहेत. तुमच्या जिवापेक्षा वाळूचा ढिगारा मोठा नाही. दिवसा काम करा. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, म्हणजे तुमची हद्द कुठे संपते आणि नदीचं पात्र कुठे सुरू होतं ते कागदावर येईल. पात्र शासनाचं असतं, तुमचं किंवा ठेकेदाराचं नाही. मग ग्रामसभेत ठराव घ्या. वाळूच्या ठिकाणांवर लक्ष ठेवायला ग्रामदक्षता समिती असते, ती कागदावरच असेल तर तिची बैठक मागा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि ४८(८) प्रमाणे वाहन जप्त होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात स्पष्ट केलं, की पाच हेक्टरांहून लहान जागेतल्या उपशालाही पर्यावरण परवानगी लागते. तेव्हा 'हा तर छोटा ठेका आहे' असं कुणी म्हणालं तर परवानगीचा कागद दाखवायला सांगा. तहसीलदारांकडे अर्ज द्या, पोच घ्या, तारखेसह फोटो जोडा, आणि अर्जावर एकाऐवजी पन्नास सह्या असू द्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि लवकर फळ देत नाही. पण मी ज्या ज्या काठावर उपसा थांबलेला पाहिला, तिथे तो सह्यांच्या अर्जांनी आणि गावाच्या एकीने थांबला.

जैवविविधता कायद्याखाली तुमच्या ग्रामपंचायतीची एक समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत तुमच्या थडीवरचे डोह, पक्षी, जुनी झाडं, औषधी वनस्पती यांची खरीखुरी नोंद करून घ्या. म्हाताऱ्यांना बसवून विचारा. कोणता डोह पूर्वी आटत नव्हता हे त्यांनाच ठाऊक असतं. पुढे कुणी थडीवर काही करायला आलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

आता बियांचं. अर्जुनाची आणि करंजाची फळं उन्हाळ्यात पिकून पडतात, ती झाडाखालून गोळा करून कोरड्या पोत्यात ठेवता येतात. पहिले दोन दमदार पाऊस झाले की करंज थेट जागेवर टोका. रोपवाटिकेतल्या पिशवीपेक्षा त्याचं सोटमूळ जमिनीत सरळ जातं. जांभळाचं आणि निंबाचं तसं नाही. त्यांची बी वाळली की उगवणं फार कमी होतं, म्हणून जूनमध्ये पडली की गर धुऊन त्याच आठवड्यात लावा. उंबर, वाळुंज आणि निरगुडी फांदीने. आणि बाभळीच्या शेंगा शेळ्या-मेंढ्यांना खाऊ घाला. त्यांच्या पोटातून आलेली बी लवकर उगवते, कारण तिचं कठीण कवच मऊ झालेलं असतं. वाड्यातल्या लेंड्या गोळा करून थडीच्या माथ्यावर पाभरीने ओळीत टाका, वर बोटभर माती ओढा, आणि ती ओळ पहिली दोन वर्षं काट्यांच्या कुंपणात ठेवा.